दगडाची सनद

संस्थानी गावात वाढलेल्या माणसाला अर्ज म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. जुन्या घरांपैकी पुष्कळांच्या माळ्यावर एखादी ट्रंक असते, आणि तिच्यात लाल फडक्यात बांधलेल्या सनदा, वर्षासनांचे हुकूम व हुजुरांकडे केलेल्या अर्जांच्या नकला असतात. अर्जाचा मायना कसा असावा, वडिलांच्या सेवेचा उल्लेख कोठे यावा, मागणे किती वाकून मांडावे, याचे एक शास्त्रच होते. आणि ते जाणणारा कारकून गाठला की निम्मे काम झाले असे लोक समजत. आमचे घर दरबारी गवयांचे. तेव्हा कागदाची ही किंमत लहानपणापासून ठाऊक. बिरसा मुंडा म्हटले की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे धनुष्यबाण येतो. मला मात्र त्याची हकीकत वाचताना प्रथम नजरेत भरले ते त्याच्या जन्माआधीपासून चाललेले त्याच्या लोकांचे अर्ज.

बिरसाचा मुलूख छोटा नागपूर. आपल्या भोसल्यांच्या नागपूरशी त्याचा घोटाळा होऊ नये. हे पठार रांचीच्या भोवतीचे, सालवृक्षांच्या रानाचे, आजच्या झारखंडातले. तेथे मुंडांनी पिढ्यान्‌पिढ्या जंगल तोडून गावे वसवली. ज्या कुळाने जंगल तोडले त्या कुळाची ती जमीन, अशी साधी रीत. तिला खुंटकट्टी म्हणतात. जमीन एकाची नव्हे, सगळ्या कुळाची. गावाचा प्रमुख तो मुंडा, आठ-दहा गावांच्या पट्टीचा प्रमुख तो मानकी. राजाला वर्षाकाठी ठरलेला थोडा चंदा द्यायचा. तो मान म्हणून, जमिनीचे भाडे म्हणून नव्हे.

या मालकीचा पुरावा काय, असे कोणी विचारले तर मुंडा माणूस गावाच्या कडेला बोट दाखवी. तेथे मोठमोठ्या शिळा आडव्या पडलेल्या असत. त्यांच्याखाली कुळातल्या मृतांच्या अस्थी. यांना सासनदिरी म्हणतात. ज्याच्या पूर्वजांच्या शिळा त्या गावी, तो त्या गावचा. बाहेरच्या माणसाच्या अस्थी तेथे जायच्या नाहीत. आपल्याकडे ताम्रपट असतात, त्यांच्याकडे हे पाषाण. फरक इतकाच की ताम्रपट राजा देतो, आणि ही सनद राजा यायच्या आधीची.

मुंडांना ते संकट कोठून आले हे सांगताना आपल्यासारख्यांना जरा अवघडल्यासारखे होते. ते आले दरबारातून. छोटा नागपूरच्या नागवंशी राजांना दरबार थाटायचा होता. भाऊबंदांना जहागिरी हव्या होत्या, ब्राह्मणांना दाने, शिपाईप्याद्यांना नेमणुका. घोडे आणि शाली विकायला आलेल्या व्यापाऱ्यांचे देणे चुकवायला रोकड नसली की राजघराण्यातली मंडळी त्यांना गावे ठेक्याने लिहून देत. ठेकेदार गावी येई तो वसुलीचा कागद घेऊन. चंद्याच्या जागी सारा आला, साऱ्यावर निरनिराळ्या पट्ट्या आल्या, आणि वेठ आली; तिला तिकडे बेठबेगारी म्हणतात. मालक होता तो कूळ झाला, आणि कुळाचा मजूर झाला. बाहेरून आलेल्या अशा सगळ्यांना मुंडांनी एकच नाव दिले, दिकू. जहागिरीच्या धान्यावर ज्यांच्या घरी गाणी झाली, त्यांनी हा शब्द ऐकून घ्यावा असे मला वाटते.

१८३१-३२ साली या प्रकारातून कोलांचा मोठा उठाव झाला. इंग्रजांनी तो मोडला, आणि मुलूख आपल्या एजंटाच्या थेट देखरेखीखाली घेतला. पुढे १८५७ चे वादळ शमल्यावर मुंडांचे आणि उरावांचे पुढारी, ज्यांना सरदार म्हणत, त्यांनी दुसरा मार्ग धरला. तो अर्जाचा. रांचीच्या डेप्युटी कमिशनरकडे अर्ज, छोटा नागपूरच्या कमिशनरकडे अर्ज, कलकत्त्याला लाटसाहेबाकडे अर्ज. हजारोंच्या नावांचे अर्ज गेले. गावोगाव वर्गणी गोळा करून सरदार कलकत्त्यास वकील लावीत. विलायतेपर्यंत गाऱ्हाणे पोहोचवण्याची खटपट झाली. या चळवळीला तिकडे सरदारी लढाई, किंवा मुलकी लढाई म्हणतात. नावात लढाई असली तरी चाळीसएक वर्षे तिचे हत्यार मुख्यतः कागद हेच होते. पूर्वजांच्या शिळा खांद्यावर वाहून सरदारांनी त्या कलकत्त्यास नेल्या आणि हा आमचा पट्टा म्हणून साहेबापुढे ठेवल्या, अशी एक आठवण त्या मुलखात सांगतात.

सरकारने अगदीच काही केले नाही असे म्हणणे न्यायाचे होणार नाही. १८६९ साली एक कायदा झाला आणि त्याप्रमाणे जुन्या भुईंहारी जमिनींची मोजणी सुरू झाली. ती १८८० पर्यंत चालली. परंतु त्या कायद्याने जमिनी परत मागण्यास वीस वर्षांची मुदत घातली होती. त्याआधी ज्याची जमीन गेली त्याची ती गेलीच. शिवाय जी गावे अजून अखंड खुंटकट्टी होती, त्यांना या मोजणीचा आधार मिळालाच नाही. तुटलेल्या भांड्याची नोंद झाली, सबंध भांडे नोंदीबाहेर राहिले! मुळात कचेरीला दोनच गोष्टी कळत होत्या, जमीनदार आणि रयत. खुंटकट्टीदार यांपैकी कोणीच नव्हता. त्यातून साहेबाला मुंडारी येत नव्हती. मध्ये दुभाषा, त्याच्यामागे मुखत्यार, त्याच्यामागे अर्ज लिहिणारा. मुंडा बोले एक आणि अर्जात उतरे दुसरेच.

मिशनरी मंडळींकडे पुष्कळ मुंडा वळले त्यात धर्माइतकाच या कागदाचा वाटा होता. गोस्नर मिशनचे जर्मन पाद्री १८४५ मध्ये रांचीस आले. साहेबाशी साहेबाच्या भाषेत बोलेल असा माणूस आपल्या बाजूस असावा, ही आशा. पुढे कॅथलिकांचे फादर लीव्हन्स यांनी १८८५ पासून तोरपा भागात कुळांचे खटले स्वतः समजून घेऊन चालवण्यास मदत केली, तेव्हा गावेच्या गावे त्यांच्याकडे गेली. परंतु सरदारांची मागणी खटल्यापुरती नव्हती. त्यांना सारा मुलूखच आपला म्हणून मान्य करून हवा होता. तेवढे बोलायला कोणताच पाद्री तयार नव्हता, आणि सरदारांचे मिशनशी बिनसत गेले.

अशा दिवसांत १५ नोव्हेंबर १८७५ रोजी बिरसा जन्मला. गाव उलिहातू म्हणतात, काही जण चालकड सांगतात. वडील सुगना, आई करमी. स्वतःची पुरेशी जमीन नाही म्हणून कामाच्या शोधात गाव बदलणारे हे कुटुंब. पोट भरेना म्हणून बिरसाला मामाच्या गावी आयुभातूला धाडले. तेथे सलगा गावच्या शाळेत अक्षरे गिरवली. मावशीचे लग्न झाल्यावर तिच्याबरोबर तिच्या सासरी खटंगा गावी गेला आणि शेळ्यामेंढ्या राखू लागला. शेळ्या रानात पांगत आणि हा बासरी वाजवीत बसे. त्यापायी मार बसला आणि ते गावही सुटले.

या बासरीपाशी थोडे थांबावेसे वाटते. संध्याकाळी नाचाच्या आखाड्यात बिरसा येई तो कमरेला बासरी खोवून आणि हातात तुइला घेऊन. तुइला आपल्याकडे फारशी कोणी पाहिलेली नाही. एक दांडी, तिच्यावर एकच तार, आणि टोकाशी अर्धा कापलेला भोपळा. आमच्या तंबोऱ्याचा भोपळा बंद. हा उघडा, आणि तो वाजवणाऱ्याच्या उघड्या छातीवर टेकवायचा. छातीशी दाबला की नाद आवरतो, किंचित उचलला की मोकळा होतो. एका तारेतून सूर काढायचे, आणि तेही श्वासाच्या हालचालीसकट. शिकवायला बसलो तर मला हे वाद्य कोणा विद्यार्थ्याला सहा महिन्यांत देता येईल असे वाटत नाही. त्या पोराला ते साधले होते. पुढे ज्याच्यावर पाचशे रुपयांचे इनाम लागले, त्याची गावाला पहिली ओळख अशी एक वाजवणारा मुलगा म्हणून होती.

बुडजू येथील जर्मन मिशनच्या शाळेतून तो १८८६ मध्ये चाईबासाला गेला. कुटुंबाने ख्रिस्ती धर्म घेतलेला होताच. बिरसाचा बाप्तिस्मा होऊन तो बिरसा दाऊद झाला. चाईबासाला तो चार वर्षे होता. त्या अवधीत सरदार आणि मिशन यांचे फाटले. सरदार लबाड आहेत असे एका वरिष्ठ पाद्र्याने म्हटल्यावर बिरसाने तोंडावर प्रत्युत्तर दिले आणि त्याला शाळेतून काढण्यात आले, असे सांगतात. पाद्री काय आणि सरकारी साहेब काय, दोघांच्या डोक्यावर टोपी एकच, असा निष्कर्ष त्या वेळी सरदारांत बोलला जात होता. पंधरा वर्षांच्या मुलाने तो अनुभवाने काढला. १८९० मध्ये कुटुंबाने मिशन सोडले.

नंतर तो बंदगावला आनंद पांडे या वैष्णव गृहस्थाजवळ राहिला. पांडे तेथल्या जमीनदाराचे मुनशी. त्यांच्या घरी रामायण-महाभारताच्या कथा कानी पडल्या. बिरसाने जानवे घातले, तुळशीला पाणी घातले, मांस वर्ज्य केले. ख्रिस्ती प्रार्थना, वैष्णव आचार आणि आजोबापणजोबांचा सिंगबोंगा, ही तिन्ही एकाच तरुणाच्या अंगात मुरत होती. यांतले कोणते खरे आणि कोणते वरवरचे, असा वाद विद्वान घालतात. गाणाऱ्याला तो वाद पडत नाही; तीन उस्तादांकडे शिकलेला माणूस अखेर स्वतःचेच गातो.

याच काळात सरकारने जंगलांवर हात घातला. १८७८ च्या जंगल कायद्याचा आधार घेऊन पडीक आणि रानाच्या जमिनी राखीव-संरक्षित ठरवण्याचे काम १८९३-९४ मध्ये तिकडे झाले. सरपण, मोहाची फुले, चराई, घरासाठी लाकूड, या सगळ्यांवर परवाना आणि कर आला. कागदाचा हा नवा घाव होता, आणि बिरसाने त्याला कागदानेच उत्तर देण्याचा यत्न केला. गावकऱ्यांना घेऊन, जंगलाच्या करातून सूट मिळावी असा अर्ज हाती धरून तो पायी चाईबासाला गेला. इतर गावांतलेही लोक तसेच अर्ज घेऊन आले होते. काही निष्पन्न झाले नाही. बिरसाच्या चरित्रात हा प्रसंग दोन ओळींत उरकतात. मला तो फार महत्त्वाचा वाटतो. चाईबासा त्याच्या शिक्षणाचे गाव. अक्षर त्याला येत होते. चाळीस वर्षे सरदारांनी जे केले ते त्याने एकदा स्वतः करून पाहिले, आणि मोकळ्या हातांनी रानवाटेने परत आला. त्याच १८९४ साली हिंदुस्थान सरकारने जमीन संपादनाचा कायदा केला, हा निव्वळ योगायोग. पण तो ध्यानात ठेवण्यासारखा आहे, कारण पुढे त्याच्याशी गाठ आहे.

१८९५ मध्ये बिरसा बोलू लागला तो सरकारशी नव्हे, आपल्या लोकांशी. रानात वीज चमकली आणि त्याला देवाचा साक्षात्कार झाला, असे लोक सांगू लागले. चालकडला माणसांची रीघ लागली. देव एकच, सिंगबोंगा. भुताखेतांना कोंबडी-बकरी कापू नका, दारू सोडा, स्वच्छ राहा, चेटूक मानू नका. आजाऱ्यांच्या उशाशी तो बसे. देवीची साथ असताना ज्यांच्या जवळ कोणी जात नव्हते त्यांची सेवा त्याने केली. लोक त्याला धरतीआबा म्हणू लागले, धरतीचा बाप. एकवीस वर्षेही पुरी नव्हती. प्रलय येणार, बिरसाजवळ असेल तोच वाचेल, अशीही हूल उठली आणि लोकांनी शेते वाऱ्यावर सोडून चालकडची वाट धरली. हा भाग त्याच्या चाहत्यांना अडचणीचा वाटतो. मला वाटते, अर्जाला उत्तर न आलेल्या माणसांनी आकाशाकडे पाहिले यात नवल काहीच नाही.

सरदारही त्याच्याभोवती जमले. सारा देऊ नका, राणीचे राज्य संपले, आपले आले, असे बोलणे सुरू झाले. भजनाच्या गर्दीपर्यंत सरकार स्वस्थ होते; सारा थांबणार म्हटल्यावर हालचाल झाली. ऑगस्ट १८९५ च्या अखेरीस जिल्ह्याचा पोलीस सुपरिंटेंडेंट मीअर्स याने रात्री चालकड गाठून झोपलेल्या बिरसाला पकडले. खटला लोकांच्या डोळ्यांदेखत चालवावा, म्हणजे हा देव नव्हे हे त्यांना कळेल, अशा हेतूने तो खुंटीला मांडण्यात आला. परिणाम उलटा झाला. मुंडांची एवढी गर्दी लोटली की काम थांबवून बिरसाला परत रांचीस न्यावे लागले. नोव्हेंबरात दोन वर्षांची सक्तमजुरी झाली. शिक्षा हजारीबागच्या तुरुंगात भोगून तो १८९७ च्या अखेरीस सुटला, तेव्हा त्याचा मुलूख दुष्काळाने आणि साथींनी पोळून निघालेला होता.

सुटल्यावर त्याने केले ते पाहण्यासारखे आहे. जानेवारी १८९८ मध्ये रांचीजवळच्या चुटियाच्या देवळात तो अनुयायांसह रात्री गेला, मग जगन्नाथपूरला. ही स्थाने मूळ आमच्या पूर्वजांची, अशी त्याची श्रद्धा होती. जागा मागायची नाही, जाऊन उभे राहायचे. त्यानंतर दोन वर्षे डोंगरांवर, रात्री, सभा झाल्या. होळीच्या सुमारास डोंबारीच्या टेकडीवर ब्रिटिश राज्याची प्रतिमा करून जाळली. या सभांची टिपणे कोणी ठेवली नाहीत, गाणी राहिली. पुढे कुमार सुरेश सिंह हे अधिकारी खुंटीला नेमणुकीवर असताना मुंडारी शिकले आणि त्यांनी ही गाणी व आठवणी गोळा केल्या. त्यांचा बिरसावरचा इंग्रजी ग्रंथ १९६६ मध्ये निघाला. दप्तरात जे नव्हते ते गळ्यात सापडले. आम्हा गाणारांना याचे आश्चर्य वाटत नाही, इतिहासकारांना वाटले असावे.

२४ डिसेंबर १८९९, नाताळची पूर्वसंध्या. त्या रात्री रांची आणि सिंगभूम भागांत ठिकठिकाणी मिशनच्या आवारांवर बाण सुटले, घरे पेटली. सरवदा येथे फादर हॉफमन यांच्यावरही बाण आला, ते बचावले. हे नाव लक्षात असू द्यावे. हल्ल्यांत ज्यांना इजा झाली त्यांत मुंडा ख्रिस्तीही होते, हे लपवण्याचे कारण नाही; भावाने भावावर बाण सोडला. ५ जानेवारीला एटकेडी गावात गया मुंड्याला पकडायला गेलेल्यांपैकी दोन पोलीस ठार झाले. दुसऱ्या दिवशी डेप्युटी कमिशनर स्ट्रीटफील्ड स्वतः गेला. गया मुंड्याच्या घरातल्या बायकामुलांनी कुऱ्हाडी, लाठ्या जे हाताला लागेल त्याने झुंज दिली. त्यात त्याची बायको माकी हिचे नाव आजही घेतात. गया मारला गेला. ७ तारखेला खुंटीच्या ठाण्यावर हल्ला झाला.

९ जानेवारी १९०० रोजी डोंबारीजवळच्या सैल रकब टेकडीवर मुंडा जमले होते. कमिशनर फोर्ब्स आणि स्ट्रीटफील्ड पलटण घेऊन आले. एका बाजूला धनुष्ये, गोफणी आणि दगडांचे बांध, दुसऱ्या बाजूला बंदुका. शरण या, असे दुभाष्यामार्फत सांगण्यात आले. म्हणजे शेवटचे संभाषणही दुभाष्याच्याच तोंडून. गोळीबार झाला. मेलेल्यांत बायका होत्या, मूल होते. सरकारी कागदांतला आकडा लहान आहे. कलकत्त्याच्या स्टेट्समन पत्राने चारशे मेले असे छापले. आकड्यांचा हा वाद मिटलेला नाही. टेकडी तेथेच आहे आणि दर जानेवारीत लोक तेथे जमतात.

बिरसा तेथून निसटला. पाचशे रुपयांच्या बक्षिसाची दवंडी होती, आणि पाचशे रुपये ही दुष्काळातून उठलेल्या मुलखात किती मोठी रक्कम हे सांगायला नको. ३ फेब्रुवारीला पोराहाटच्या जंगलात आसपासच्या गावच्याच काही माणसांनी त्याला झोपेत धरून दिले. बेड्या घालून त्याला रांचीस आणताना वाटेवर लोक उभे होते. मुंडासे बांधलेला, हातात बेड्या असलेला त्याचा फोटो पुष्कळांनी पाहिला असेल. पोर आहे हो नुसते. ९ जून १९०० रोजी सकाळी रांचीच्या तुरुंगात तो मरण पावला. पटकी, असे सरकारने नोंदवले. विष, असे त्याचे लोक म्हणतात. खटला उभा राहण्यापूर्वीच तो गेला, तेव्हा कोर्टापुढे त्याचे म्हणणे असे कधी झालेच नाही. घाईने कोकरच्या नाल्याकाठी अंत्यविधी उरकण्यात आला. वय चोवीस वर्षे आणि काही महिने.

मागे राहिलेल्यांवर खटले चालले. साडेतीनशेच्या आसपास माणसे उभी केली. तिघांना फाशी, चव्वेचाळीसांना जन्मठेप काळे पाणी, आणखी पुष्कळांना तुरुंगवास. कित्येक जण निकालापूर्वी कोठडीतच गेले. सरदारांचे जुने वकील जेकब यांनी त्यांची बाजू लढवली, आणि कलकत्त्यास सुरेंद्रनाथ बॅनर्जी यांनी कौन्सिलात प्रश्न विचारले.

आणि मग सरकार ऐकू लागले. १९०२ पासून रांची जिल्ह्याची सबंध मोजणी सुरू झाली. खुंटकट्टी गावे शोधून त्यांची नोंद झाली. साहेब दूर पडतो म्हणून गुमला आणि खुंटी येथे नवी उपविभागीय ठाणी झाली. खुंटीचे १९०५ मध्ये. १९०८ साली छोटा नागपूर कुळकायदा आला. त्यात मुंडारी खुंटकट्टीदार हा शब्द पहिल्याने नीट बसवला गेला, वेठीला पायबंद बसला, आणि आदिवासीची जमीन बाहेरच्याने विकत घेण्यास आडकाठी झाली. या कायद्यासाठी मुंडांची जमिनीची रीत कोणी समजावून दिली? त्याच फादर हॉफमन यांनी. १८९५ पासून ते बिरसाचे विरोधक. १८९९ च्या नाताळात त्यांच्यावर बाण आलेला. पण मुंडारी त्यांना येत होती, तिचे व्याकरण त्यांनी १९०३ मध्ये छापले, पुढे ज्ञानकोशच रचला. बाण सोडणाऱ्यांचे म्हणणे ज्याच्यावर बाण सुटला त्याने कायद्याच्या भाषेत उतरवून दिले. चाळीस वर्षांच्या अर्जांत निराळे असे काहीच नव्हते. मधल्या काळात एवढेच झाले होते की एक टेकडी रक्ताने भिजली होती आणि एक मनुष्य मुंडारी शिकला होता. यांतले अधिक कामाचे कोणते, हे मला ठरवता आलेले नाही.

कायद्याने सावकाराला अडवले. सरकारला अडवले नाही, कारण सरकारच्या हाती १८९४ चा तो दुसरा कायदा होता. स्वातंत्र्यानंतर रांचीजवळ हटिया येथे अवजड यंत्रांचा मोठा कारखाना उभा राहिला तेव्हा गावे गेली ती याच मार्गाने. मग कोयल आणि कारो नद्यांवर ७१० मेगावॅट विजेची योजना निघाली. मुंडांनी या वेळी अर्ज केले, कोर्टात गेले, बैठकांना बसले, आणि एक प्रश्न विचारला: घरांची भरपाई द्याल, सासनदिरी आणि देवराईची कशी द्याल? आधी दोन गावे शिळांसकट आणि देवराईसकट वसवून दाखवा, असेही त्यांनी सुचवले. ते दाखवता आले नाही. १९९५ च्या जुलैत पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी ठरली होती, ती लोकांच्या विरोधाने रद्द झाली. झारखंड राज्य बिरसाच्याच जन्मतिथीस, १५ नोव्हेंबर २००० रोजी, स्थापन झाले. त्यानंतर तीन महिने भरण्याच्या आत, २ फेब्रुवारी २००१ रोजी, तपकारा येथे पोलिसांच्या गोळीबारात आठ माणसे मेली. २००३ मध्ये योजना सोडून देण्यात आली. १८९४ चा कायदा रद्द होऊन नवा अमलात यायला २०१४ उजाडले. १९०८ चा कुळकायदा सैल करणारी विधेयके झारखंड विधानसभेत २०१६ मध्ये मंजूर झाली. रस्त्यावर लोक उतरले, आणि २०१७ मध्ये राज्यपाल द्रौपदी मुर्मू यांनी ती परत पाठवली.

त्याच सुमारास, २०१७-१८ मध्ये, खुंटी जिल्ह्यातल्या गावांच्या वेशींवर नव्या शिळा उभ्या राहू लागल्या. उंच, हिरव्या रंगाने रंगवलेल्या. मुंडांत मृताच्या नावे, गावाच्या सीमेवर, दगड उभा करण्याची रीत जुनीच आहे. तिला पथलगडी म्हणतात. या नव्या शिळांवर मात्र अक्षरे होती. भारतीय संविधानाची कलमे, ग्रामसभेचे अधिकार, आणि परवानगीवाचून बाहेरच्याने आत येऊ नये अशी सूचना, हे सारे हिंदीत, म्हणजे साहेबाला दुभाष्यावाचून वाचता येईल असे कोरलेले. सरकारने ते वाचले आणि शेकडो लोकांवर राजद्रोहाचे गुन्हे दाखल केले. ते मागे घेण्याचा निर्णय नव्या मंत्रिमंडळाने २९ डिसेंबर २०१९ रोजी, अधिकारावर आल्याच्या दिवशीच, केला.